हळदीच्या मांडवातली तोंडी परीक्षा

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला बीजगणित शिकवणाऱ्या ज्या मॅडम होत्या, त्यांच्याइतका हट्टी माणूस मी आयुष्यात आणखी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझा बाप. त्या दोघांच्या मध्ये सापडून माझं जे भरीत झालं, ते मी कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, काहीही फेकतेस. फेकत नाही. आमचं अख्खं गाव साक्षीला आहे.

मॅडम कल्याणहून यायच्या. अंगाने काडी, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत असले तरी शेवटच्या बाकावर शब्द न् शब्द पोचायचा. पहिल्या दिवशी ओळख-बिळख काही नाही, सरळ अपेक्षा सांगायला सुरुवात. हजेरी पाऊण भरलीच पाहिजे. दर आठवड्याला गृहपाठ, स्वतःच्या हाताने आणि शक्य झाल्यास स्वतःच्या डोक्याने. आणि टर्म संपायच्या आधी प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून एक विषय समजावून सांगायचा. कागद बघायचा नाही, आणि ज्याला काहीच येत नाही त्यालाही कळलं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तर टर्म मिळणार नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येणार नाही.

"रांजनोली नाक्यावर ट्रॅफिक होतं, लाइट गेली होती, घरी पाहुणे आले होते," मॅडम म्हणाल्या, "ही कारणं मी माझ्या कॉलेजात असतानाच वापरून संपवली आहेत. तुम्ही नवीन शोधा."

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण कानात पुटपुटली, "ये तो पूरी जल्लाद है रे." मला हसू आलं. मॅडमनी बघितलं. तेव्हापासून कठीण प्रश्न आला की आधी मला.

आता आमच्या घरची बाजू सांगते. आमचं गाव हायवेलगत, वडप्याच्या जवळ. आजोबा जिथे भात लावायचे तिथे आता पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन उभं आहे आणि दिवसरात्र ट्रक आत-बाहेर करतात. त्या गोडाऊनच्या मॅनेजरने बाबांना शब्द दिला होता: पोरीला पाठवा, गेटवरच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची आवक-जावक कॉम्प्युटरवर चढवायची, बास. केबिनला एसी, बसायला फिरती खुर्ची. त्या खुर्चीने बाबांवर काय जादू केली होती कोण जाणे. आपल्याच जमिनीवर आपली लेक फिरत्या खुर्चीत, याच्यापुढे गणित म्हणजे त्यांना निव्वळ उनाडकी वाटायची. कॉलेजला पाठवलं ते एका अटीवर. "एक जरी वरीस फुकट गेलं, का कॉलेज बंद. मंग गुमान खुर्चीत बसायचं."

मला ती खुर्ची नको होती. मी काही गणितात हुशार होते अशातला भाग नाही. पण एखादी गोष्ट तीन दिवस कळू नये आणि चौथ्या दिवशी भांडी घासता घासता एकदम कळावी, त्यात जो आनंद होता तो मला दुसऱ्या कशातच सापडला नव्हता. तो आनंद सोडून ट्रकचे नंबर टाइप करत बसायचं, हे मला जमणारच नव्हतं.

आणि नेमकं काय व्हावं? माझ्या त्या वर्गासमोरच्या तोंडी परीक्षेची तारीख आणि भावाची हळद एकाच दिवशी.

आमच्या भागात लग्न एक वेळ चुकलं तर चालतं, हळद चुकवून चालत नाही. त्यात मी नवरदेवाची एकुलती एक बहीण, म्हणजे करवली. मी मॅडमकडे गेले आणि अगदी गरीब चेहऱ्याने तारीख बदलून मागितली.

"तारीख मी टर्मच्या सुरुवातीलाच लावली होती," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "तुझ्या भावाने बघायला हवी होती."

घरी येऊन मी बॅग अशी आपटली की डब्याचं झाकण उडालं. लग्नासाठी आत्या आधीच येऊन राहिली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती आली की घराचा ताबा तिच्याकडे जातो आणि बाबासुद्धा चहा विचारून पितात. मी सगळं सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "त्या बाईला आवतण दिलंय का?"

"कसलं आवतण? मॅडम हाय ती माझी!"

"मंग? मॅडमला मान नसतो?"

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! तरीच अडून बसलीय!"

इथे आमच्या लोकांची एक समजूत सांगायला हवी. कोणी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, तर त्याला नियम आडवा येतो, अडचण असते, असं आमच्याकडे कोणी मानतच नाही. त्याला मान द्यायचा राहिला, एवढंच कारण. मग दारात जायचं, पत्रिकेला कुंकू लावायचं, नारळ हातात ठेवायचा आणि तोंडाने सांगायचं, "हळदीला यायचं हां." या औषधाने बाबांनी अडून बसलेला वायरमन हलवला होता, बँडवाला हलवला होता, आणि बांधावरून दहा वर्षं न बोलणारा चुलतभाऊसुद्धा हलवला होता. मी घसा फोडून सांगितलं की बाबांनो, कॉलेजात असलं चालत नाही. आत्या म्हणाली, "चालत न्हाय असं काय नसतंय बाय."

दुसऱ्या दिवशी भर तासाला वर्गाच्या दारात बाबा उभे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात चेन, गॉगल कपाळावर. मागे नऊवारी लुगड्यातली आत्या, हातात ताट. मला वाटलं, देवा, आत्ताच्या आत्ता हा बाक मला गिळून टाकू दे.

"मॅडम, आत येऊ का?" बाबा म्हणाले आणि आलेच.

मॅडमच्या हातातला खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला. आत्याने टेबलावरचं डस्टर बाजूला सारून ताट ठेवलं, पत्रिकेला कुंकू लावलं, त्यावर सुपारी ठेवली आणि नारळासकट सगळं मॅडमच्या हातात दिलं. मग प्रेमाने चौकशी, "मालक काय करतात?"

"कोण मालक?" मॅडम म्हणाल्या.

"तुमचे."

"मालक नाहीत. मीच आहे."

वर्गात कोणीतरी शिट्टी मारली. आत्या म्हणाली, "बरं हाय, मंग विचारायला नको कोनाला. या हळदीला." आणि वर्गाकडे वळून हात फिरवला. "तुम्ही पन या रे समदे! मटन हाय, डीजे हाय!" पोरांनी बाकं बडवली. मी डोकं वहीत खुपसून बसले होते.

मॅडमनी नारळ टेबलावर ठेवला. तो गडगडायला लागला तसा परत पकडला. "तारीख मी बदलत नाही," त्या बाबांना म्हणाल्या. "पण वर्गासमोर परीक्षा घ्यायची असते, आणि माझा वर्ग तर तुम्ही आत्ताच घेऊन चाललात. मग मीही येते. हिची परीक्षा तुमच्या मांडवात घेते."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी निवडणूक जिंकली. "बोललो व्हतो ना? मान द्यायचा राहिला व्हता!"

हळदीच्या दिवशी वर्गातली झाडून सगळी पोरं आली. एरवी हजेरीसाठी ज्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या, तेसुद्धा केसांना जेल लावून हजर. मॅडम संध्याकाळी रिक्षातून उतरल्या, खांद्याला तीच कॉलेजची पर्स. बाबांनी त्यांना अगदी पुढची, कापड चढवलेली खुर्ची दिली. पलीकडच्या खुर्चीत तो गोडाऊनचा मॅनेजर वडे खात बसला होता. मी पिवळ्या साडीत, कानापासून कोपरापर्यंत हळदीने माखलेली.

"सुरू कर," मॅडम म्हणाल्या. "रिलेशन हा विषय आहे तुझा."

मी बोलायला लागले. डीजे असा दणदणत होता की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मॅडमनी कानाला हात लावून मान हलवली. मी ओरडून सांगितलं, परत तेच. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर परीक्षा झाली असं मी लिहिणार नाही."

माझं टाळकंच सरकलं. टर्म जाईल, वर्ष जाईल, ती खुर्ची गळ्यात पडेल, आणि हे मेले नाचतायत! मी तरातरा स्टेजवर गेले, माइक ओढून घेतला आणि किंचाळले, "बाबा, तो डीजे बंद करा आधी!"

डीजे बंद झाला. हळदीत डीजे थांबला म्हणजे घरात कोणीतरी गेलं असंच लोक समजतात. आतून बायका पिठाच्या हाताने धावत आल्या. "काय जालं? कोनाला काय जालं?"

"कोनाला काय न्हाय," आत्या ओरडली, "पोरीची परीक्षा हाय! बसा गप!"

सगळा गाव बसला. मी कपाळावरची हळद पुसली आणि म्हटलं, आता मराठीतच सांगते, काय व्हायचं ते होवो. "आपन एकमेकांच्या हळदीला जातो ना? हे एक नातं धरा, म्हणजे रिलेशन. प्रत्येकजण स्वतःच्या हळदीला असतोच."

"न्हायतर जानार कुठं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"हे झालं रिफ्लेक्सिव्ह. मी तुमच्याकडे आले तर तुम्हाला आमच्याकडे यावंच लागतं. हे सिमेट्रिक. आणि आम्ही ज्यांच्याकडे जातो, ते ज्यांच्याकडे जातात, त्यांच्याकडे आपनही जातो. हे ट्रान्झिटिव्ह." मी खूश होऊन मॅडमकडे बघितलं.

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

"खोटं हाय!" आत्या उठून उभी राहिली. "अकलोलीची वहिनी आपल्याकडं येते, आपन तिच्याकडं जातो. ती अंबाडीवालीकडं जाते, अंबाडीवाली तिच्याकडं. पन आपन अंबाडीवालीच्या दारात पाय ठेवतो का? मरेपर्यंत न्हाय ठेवनार!"

"का वं, काय केलंय अंबाडीवालीनं?" मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. अंबाडीवालीची कोणीतरी असणार. दोन्हीकडच्या बायका पदर खोचायला लागल्या. मी माइकमधून ओरडले, "आत्या, बस खाली! बरोबर हाय तुझं! म्हणजे हे नातं सिमेट्रिक हाय, पण ट्रान्झिटिव्ह न्हाय. मी चुकले."

"उदाहरण तुझ्या आत्याने दिलं," मॅडम म्हणाल्या. "टर्म त्यांना देऊ का?"

मांडव हसला. माझे कान लाल झाले.

"आता तुझं दे. सिमेट्रिकच नाही असं एक नातं सांग. इकडून तिकडे आहे, तिकडून इकडे नाही."

घामाने हळद डोळ्यांत उतरायला लागली. पुस्तकातलं उदाहरण आठवेना. समोर बघितलं तर डीजेच्या पेटाऱ्याजवळ बाबा हाताची घडी घालून उभे, आणि पुढे तो मॅनेजर नॅपकिनने बोटं पुसतोय. तोंडातून निघून गेलं.

"मी बाबांचं ऐकते. बाबा माझं ऐकत नाहीत."

माइक चालू होता. वाक्य मांडवभर फिरलं, कौलांवर आपटलं आणि परत माझ्याकडे आलं. हसायला कोणी तयार नाही. आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपलं. गणित गेलं, घर गेलं, बापाची इज्जत मीच त्याच्या मांडवात काढली.

बाबा हळूहळू चालत स्टेजपर्यंत आले.

"ए बाय. मगाशी डीजे बंद करा म्हनून कोन वरडलं?"

"मी."

"बंद कोनी केला?"

मी हळूच त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"हळदीत डीजे बंद केलेला बघितलास कवा? माज्या बापानं सांगितलं असतं तरी केला नसता मी." मग ते मॅनेजरकडे वळले. "सायब, ती खुर्ची दुसऱ्या कोनाला द्या. आमची पोरगी न्हाय बसनार तिथं."

मांडवात टाळ्या वाजल्या, आमच्या वर्गातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि मी माइक तोंडासमोर धरूनच भोकाड पसरलं. ते पार हायवेपर्यंत ऐकू गेलं असं लोक अजून सांगतात.

मॅडमनी माझं रडणं होऊ दिलं. मग मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"वडिलांनी तुझं उदाहरण खोटं पाडलं," त्या म्हणाल्या. "चालणार नाही. दुसरं दे."

मी पिवळ्या पदराला नाक पुसलं आणि दिलं.