नाव त्यालेच सांगू द्या

आधीच सांगून ठेवतो, मी या भानगडीतला माणूस नाही. या ग्रुपवरचे चकव्याचे आणि झपाटलेल्या विहिरींचे किस्से मी चहात बिस्कीट बुडवत वाचतो, हसतो आणि खुशाल झोपतो. आमच्या फुलसावंगीत कोणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम समोर जाऊन बसायचो. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी काही हरकत नाही...

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. बाकीचे शब्द कसेबसे निघतात, पण स्वतःचं नाव काही केल्या निघत नाही. त्यात बाबांनी हौसेनं ठेवलं पुरुषोत्तम. अरे बाप्पा, एवढं लांब! माझी गाडी ‘पु’वरच बंद पडते.

बाबांनी त्यावर उपाय काढला होता — ते सोबत यायचे. शाळेत, कॉलेजच्या ॲडमिशनला, बँकेत, सगळीकडे. माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, “हा माहा पोरगा, पुरुषोत्तम. हुशार हाय, फक्त बोलाले टाइम लागते.” मी नुसती मान हलवायचो. मुलगी पाहायला गेलो तिथंही तेच. शेवटी मुलीच्या मामानं विचारलं, “पोरगा मुका हाय का जी?” परतीच्या एसटीत आम्ही बापलेक इतके हसलो की कंडक्टर वळून पाहायला लागला. आजही ते आठवून हसू येतं.

दोन वर्षं होत आली, बाबा गेले. अग्नी मीच दिला. त्यानंतर पुसदला एका दुकानात कामाला लागलो. माझं ‘पु... पु...’ ऐकून मालक वैतागला. म्हणाला, “पुंजाराम का?” मी सुटलो एकदाचा म्हणून हो म्हटलं! झालं. ते दुकान बंद होईपर्यंत मी पुंजाराम होतो. कोणी हाक मारली की जिवाला लागायचं... बाबांनी दिलेलं नाव तेवढं जवळ होतं, तेही मी घालवलं.

मागच्या दिवाळीनंतर एका मित्रानं परस्पर बोलून मला राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लावून दिलं. काम काट्यावरचं, कापसाच्या गाड्यांचं वजन करायचं. तिथली रीत मित्रानं आधीच सांगितली होती. सकाळच्या चहाला सगळे काट्याच्या खोलीत जमतात, नव्या माणसानं तिथं उभं राहून नाव-गाव सांगायचं. त्या दिवशी तोंडातून जे निघेल, त्याच नावानं सीझनभर हाका. बसमध्ये मी सारखा नाव घोकत होतो. काही झालं तरी या वेळी पुंजाराम व्हायचं नाही.

पोहोचलो तेव्हा कोवळं ऊन होतं, आवारात कापसाचे ढीग लागले होते. खोलीत अजून दोघंच, हिशेब पाहणाऱ्या मंगलाताई आणि मशीनचे फिटर शब्बीरभाई चहा घेत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत मंगलाताई म्हणाल्या, “या, या! तुमचे बाबा आत्ताच येऊन गेले ना जी.”

मला वाटलं, काका असतील. विचारलं, “क... कसे होते?”

“कसे म्हंजे? उंच, खांद्यावर दुपट्टा. खुर्ची देली त बसलेच नाही, उंबऱ्यावरच बसले. तुमचं समदं सांगतलं त्यायनं. फुलसावंगीचा हाय, हिशेबात पक्का हाय, चहात साखर कमी पायजे.”

बाबा परक्या ठिकाणी कधी खुर्चीवर बसत नसत. मी मोबाइलमधला त्यांचा फोटो दाखवला.

“हेच की!” दोघं एकदमच म्हणाले.

शब्बीरभाई सांगत होते, “मी इचारलं, चाचा, पोराचं नाव काय? त म्हने, नाव त्यालेच सांगू द्या. आजवर मीच सांगत आलो, तेच माहं चुकलं. टाइम लागन त्याले. तुमी फक्त मंधात बोलू नोका.”

आणि दोघंही कप खाली ठेवून माझ्याकडे पाहत बसले.

“पु...” अडकलं. घाम फुटला. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, मंगलाताईंनी त्याला हातानंच थांबवलं. “पु... पु...” कोणी काही सुचवलं नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक... आणि निघालं. पुरुषोत्तम. अख्खं!

“या, पुरुषोत्तमभाऊ,” शब्बीरभाई म्हणाले, “चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.”

संध्याकाळी आईला फोन केला. काका गुडघ्याच्या दुखण्यानं खाटेवरच होते. मित्रानं तर बाबांना कधी पाहिलेलंही नव्हतं. कोणी मस्करी केली म्हणावं, तर बाबांचा चेहरा कुठून आणणार? मी विज्ञानाचा पदवीधर, पण इथं माझं डोकं चालत नाही.

मंगलाताईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. त्या अधूनमधून म्हणतात, “बाबाले एकदा जेवाले घेऊन या ना जी.” मी हो म्हणतो.

बाबा कसे आले, हे विचारायचं मी आता सोडून दिलंय. जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत — मी नाव सांगितलं तेव्हा ते निघून गेले होते, की दाराबाहेर ऐकत उभे होते?