दारातलं पाणी

तापलेल्या फरशीवर कुणी पाणी मारलं की त्या वासासरशी सोलापूरच्या घरातली एक दुपार आठवते. कामासाठी मेक्सिको सिटीत महिनाभर एकटीनं राहायचं होतं आणि कुठल्या भागात राहावं हे काही केल्या ठरत नव्हतं. मोबाइलच्या नकाशावर तिथल्या एकेका गल्लीचे फोटो बघत मी घरभर येरझाऱ्या घालत होते. आई वैतागली. "बस की हितं! दाव मला." चष्मा लावून तिनं गल्ल्या न्याहाळल्या आणि एका घरावर बोट ठेवलं. "हितं ऱ्हा. दारात पाणी मारलंय बघ, म्हंजी सांजच्याला माणसं दारात बसत्यात. एकटी पडायची न्हाईस." मी त्याच गल्लीत राहिले. आता आई नाही. जीव थाऱ्यावर नसला की मोबाइलच्या नकाशावर सोलापूरची आमचीच गल्ली उघडते. त्या जुन्या फोटोत आईनं आमच्या दारात मारलेलं पाणी अजून वाळलेलं नाही.