मांजरपाटाचं गिऱ्हाईक

नवी पेठेतल्या आमच्या दुकानात चादरी, टॉवेल, पंचे मिळतात, आणि सगळ्यात खालच्या फळीवर मांजरपाट. मयतावर घालायचं पांढरं, जाडंभरडं कापड. कुणाच्या घरी काही झालं की आसपासच्या पेठांतली माणसं त्यासाठी आमच्याकडेच यायची, कारण अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत. "किती?" एवढंच विचारायचे, टरकन कापड फाडायचे आणि घडी करून हातात द्यायचे. घासाघीस नाही, "आणखी काय दाखवू" नाही, आणि तो निघताना "या" तर मुळीच नाही. मयताच्या घरून उठताना आपण "येतो" म्हणत नाही, तसंच हे.

एरवी अप्पा एक नंबरचे बोलघेवडे. पन्नास चादरी उलगडायला लावून रिकाम्या हातानं निघालेल्या बाईलाही ते "या बरं का परत" म्हणत रस्त्यापर्यंत सोडायला जात, आणि मी मागे चादरींच्या घड्या घालत चरफडत बसे. घरीही तेच. सकाळी त्यांची पूजा चाललेली असायची, मी दुकान उघडायला निघताना "येते" म्हणायची, आणि देवघरातून "ये गं" आलं नाही तर उंबऱ्यात थांबून पुन्हा म्हणायची. त्याशिवाय पाऊल निघायचं नाही.

मी चादरींचे फोटो मोबाईलवर टाकायला लागले आणि धंदा वाढला. पुण्याहून, बेंगळुरूहून ऑर्डरी यायला लागल्या. शुक्रवार पेठेतल्या घराची पुढची खोली गठ्ठ्यांनी भरली. मग घोळ सुरू झाले. दुकानात विकली गेलेली चादर ऑनलाइन शिल्लक दिसायची, आणि एकच चादर दोघांना विकून मी दोघांच्या शिव्या खायची. दुकान आणि ऑनलाइन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

दोघं जण दाखवायला आले. पहिल्याचं सॉफ्टवेअर दिसायला कळकट होतं. बिल काढायचं, साठा सांगायचा, ऑनलाइनशी मेळ घालायचा, बास. दुसरा मुलगा चुणचुणीत होता. त्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर घेणार, बिल झालं की आभाराचा मेसेज पाठवणार, आणि गिऱ्हाईक बरेच दिवस फिरकलं नाही तर आपणहून आठवण करून देणार. "मॅडम, गिऱ्हाईक विसरेल, सिस्टीम विसरत नाही," तो म्हणाला. मी तिथंच विरघळले.

अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मांजरपाटाला हे गप बसंल का?"

त्या मुलाला मांजरपाट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय काका, तेवढ्या मालाला मेसेज बंद करून देतो."

तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "ते पयलं मुकं हाय. ते घे की."

"अप्पा, मुकं राहून धंदा होत नाही."

"मग मांजरपाट तरी त्यात घालू नगं."

"आणि साठा कसा जुळणार? जीएसटीला काय दाखवू?"

त्यांनी पुढ्यातल्या चादरीची घडी घातली. "घे तुला पायजे ते. पर त्या माणसाला 'या' म्हणायचं न्हाय. माझ्या बापानं कदी म्हटलं न्हाय, मी म्हटलं न्हाय. दुसरं कायबी मागत न्हाय तुला."

मी हो म्हटलं. मेसेज मी स्वतः लिहिले, कंपनीचे तयार मेसेज फार कोरडे वाटले म्हणून. "आपण आलात, बरं वाटलं. पुन्हा या." आणि दुसरा, आठवणीचा: "बरेच दिवस झाले, आला नाहीत. आम्ही वाट पाहतो आहोत." गिऱ्हाइकं कौतुक करायची. दुकानच बोलतंय असं वाटतं, म्हणायची.

मांजरपाट घेणाऱ्यालाही आता अप्पांना "किती?" नंतर "नंबर?" असं विचारावं लागे, कारण त्याशिवाय बिलच निघत नसे. त्यांना ते जड जायचं, पण ते विचारायचे. बंद केलेले मेसेज बंदच होते. मग एका सकाळी सॉफ्टवेअर अपडेट झालं. रंग बदलले, बटणं इकडची तिकडे गेली. बटणं शोधता शोधता माझी चिडचिड झाली, बाकी मी काही पाहिलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक माणूस दुकानात आला. वैरागकडचा, इथं एका कारखान्यावर वॉचमन होता. उन्हाळ्यात बाप गेला तेव्हा त्यानं आमच्याकडूनच कापड नेलं होतं. आता तो परत मांजरपाट मागत होता. अप्पांनी "किती?" विचारलं आणि कापड फाडायला घेतलं. तो मला म्हणाला, "मेसेज आला व्हता तुमचा. लई दिस झालं, वाट बगतोय म्हणून. तवा मी आन मंडळी हसलो व्हतो." मग कापडाकडे बघत म्हणाला, "तिच्यासाटीच आलोय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अप्पांनी कापड दिलं, पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी मोबाईलवर तो मेसेज काढून दिला. त्यांनी चष्मा लावून मेसेज सावकाश वाचला.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

ते उठून घरी गेले, भर बाजाराच्या वेळेला.

मेसेजनं माणूस मरत नाही. त्याच्या बायकोला कावीळ झाली होती. हे मला कळतं आणि अप्पांनाही कळतं, ते काही खुळे नाहीत. मी कंपनीच्या त्या मुलाला फोन करून मनसोक्त शिव्या घातल्या. "अपडेटनंतर सेटिंग परत करावं लागतं मॅडम," तो म्हणाला. संध्याकाळी मी हिशोब बंद करायला बसले, साठा जुळावा म्हणून त्या कापडाचं बिल वॉचमनच्या नंबरावर काढलं, तर नंबरापुढे हिरवी खूण उमटली. "परत आलेला ग्राहक."

मी सगळेच मेसेज बंद केले. घरी जाऊन अप्पांना सांगितलं. "बरं," म्हणाले. ते दुकानात परत आले नाहीत. मांजरपाटाची फळी मी टॉवेलनी भरून टाकली. न बोलता कापड फाडून द्यायचं ते काम मला जमणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सकाळी निघताना मी अजून "येते" म्हणते. अप्पा देवघरातच असतात, आणि त्यांना चांगलं ऐकू येतं. मी उंबऱ्यात थांबून पुन्हा एकदा म्हणते. मग तशीच निघते.