अर्बनच्या कानांवरची टोपी

गोराईचा अर्बन बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो, हे कुणी सांगायला नको. भेटल्या भेटल्या तो स्वतःच सांगतो. सत्तरी उलटली, ऐकू येईनासं झालं, तेव्हा मुलीने, व्हेनेसाने, त्याला दोन्ही कानांमागे यंत्रं बसवून दिली आणि गडी पुन्हा फुंकायला लागला.

पण गेल्या वर्षी आगेराच्या सणाला घात झाला. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चकडे निघाली होती. मध्येच सर आली आणि यंत्रं भिजून बंद पडली. बँडने चाल बदलली. अर्बन मात्र छाती फुगवून जुनीच वाजवत राहिला. लोक पोट धरून हसले. बँडमास्तर मेलरॉय त्याचा लहानपणचा दोस्त, पण या वर्षी त्याने स्पष्टच सांगितलं, "पाऊस आला तर तू नुसता चाल रे. वाजवू नको."

नुसता चाल! अर्बनला हे फार लागलं.

छत्री धरावी तर दोन्ही हात कॉर्नेटला. म्हणून तो टोपीच्या मागे लागला. बोरिवलीच्या बाजारात एक दुकान सोडलं नाही. घट्ट टोपी यंत्राला टेकली की कानात कुंई करून शिट्टी. सैल घ्यावी तर मान वळवताच डोळ्यांवर.

"अंकल, एकदम परफेक्ट बसली!" एक दुकानदार म्हणाला.

"डोक्याला बसली. कानांना विचार ना!"

शेवटी एक मिळाली. रुंद काठाची, कपाळाला धरून बसणारी, कानांपाशी फुगीर. घरी आल्यावर बायकोने, अँजेलिनाने, त्याला अंगणात उभं केलं आणि डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. आत थेंब आला नाही. पण पाणी वर असं तडतडलं, जणू तो पत्र्याच्या शेडखालीच उभा आहे. दुसरं काही ऐकूच येईना. अर्बन मटकन ओट्यावर बसला.

"वाट लागली. चालतो आता नुसता."

"तोंड पाडू नको रे," म्हणत तिने आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडलं आणि टोपीला आतून दुपदरी अस्तर लावलं. पुन्हा तांब्या ओतला. आता तडतड कुठल्या कुठे गेली होती.

आगेराच्या दिवशी पावसाने अर्ध्या वाटेत गाठलंच. मेलरॉयने वळून पाहिलं. अर्बनने टोपी कपाळावर ओढली आणि वाजवत राहिला. बँडने चाल बदलली, तशी त्यानेही बदलली. मेलरॉय हसला आणि पुढे बघून चालू लागला.

मग बँडने जरा दम घेतला. मागे बायका गातच होत्या. त्यात एक आवाज ओळखीचा होता, थोडा कापरा, पण गोड. अर्बन थबकला.

"अँजेलिना, तू गातेस?"

"दरवर्षी गाते. तुझ्या कॉर्नेटपुढे कुणाला ऐकू येणार?"

पुढची चाल अर्बनने हळू वाजवली.