भिंतीवरची बाज

प्रिय ईशा आणि नील,

काशीदचं घर सोडलं त्या दिवशी टेम्पोवाला बाज चढवत होता आणि तुमचे बाबा टोरांटोहून फोनवर सांगत होते, "आई, ती जुनी खाट कशाला? अलिबागच्या फ्लॅटमध्ये सगळं नवीन घेतलंय." टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ठेव खाली. घर रिसॉर्टवाल्याला विकायचं बाबांनी ठरवलं. मला फक्त सही कुठे करायची ते सांगितलं. तो राग गेला, असं मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही.

बाज म्हणजे लाकडी चौकटीवर काथ्याची दोरी विणलेली खाट. सुट्टीत तिच्यावर तुम्ही दोघं लोळायचात.

मध्यंतरी काशीदची आपली शेजारीण सुगंधा इथल्या बाजारात भेटली. "काकू, तुमची बाज रिसॉर्टवाल्यानं भिंतीला टांगलीय. लोकं फोटू काढतात."

मी एसटीने काशीदला गेले. आमच्या पडवीच्या जागी रिसेप्शन. पाय कापलेली बाज, दोरीला निळा रंग, वर दिवा. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "मॅडम, वॉल आर्ट हाय. हँडमेड!"

"माझे सासरे झोपायचे हिच्यावर."

"मग तर एकदम ऑथेंटिक!"

घरी पोहोचते तो ईशाचा मेसेज. आजी, माझ्या खोलीसाठी लाकडी फ्रेमवर दोरी विणून वॉल आर्ट करशील? घरची आठवण म्हणून.

तुझा दोष नाही ईशा, पण मी फोन पालथा ठेवला.

मग केलंच. सुताराकडून सागाच्या पट्ट्या आणल्या, कोपरे खाचांत बसवून घेतले, दोरी भिजवली. दोन पदर वरून, दोन खालून. रागाने ओढत गेले म्हणून वीण घट्ट आली, हात सोलवटले. आणि भिंतीवर टांगता येऊ नये म्हणून चार पाय लावले. व्हिडिओ कॉलवर ही नवी बाज दाखवली तर नील म्हणाला, "आजी, एका टोकाला वीतभर रिकामंच आहे. विसरलीस?"

विसरले नाही. बाज टोकापर्यंत विणतच नाहीत. माणसं झोपतात, वीण सैल पडते, मग पायथ्याच्या मोकळ्या जागेतली दोरी ओढून ती पुन्हा ताणायची. रिसॉर्टवाल्यांनी ती जागाही सुताने भरून टाकलीय. शोभेला कसली आलीय सैल पडायची भीती! माझ्या सासूबाई म्हणायच्या, "एकल्यानं बाज कसता येत न्हाय गं. एकानं पाय देऊन धरायची, दुसऱ्यानं ओढायची."

म्हणून ही कुरियरने येणार नाही. बाबांनी पत्ता पुन्हा पुन्हा पाठवू नये.

घर कुठलं, असं मला आता कोणी विचारलं तर काशीद म्हणवत नाही; तिथे मी विकतचा चहा पिऊन परतले. हा फ्लॅट म्हणावा, तर इथे भांडायलाही कोणी नाही आणि फोनवर भांडण नीट होत नाही, बाबा "आवाज तुटतोय" म्हणतात. तेव्हा या. बसा, नाचा, वीण सैल करा. मग दोरी मी ओढीन आणि समोरून बाबांनी पाय देऊन धरायचं. मला जे बोलायचंय ते तेव्हा बोलेन.

तुमची,
आजी