नळाच्या पाण्याचा वास

लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा जठारपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात नळ होता. सासूबाईंना त्याचं फार अप्रूप. त्या वलगावकडच्या. तिथे विहिरीच्या ओट्याखाली घागर ठेवायची आणि कोणी वरून पाणी ओतेपर्यंत उभं राहायचं, यात त्यांची अर्धी हयात गेली होती. पुढे घरानं धम्मदीक्षा घेतली, मुलगा शिकला आणि पाणीपुरवठ्याच्या नोकरीला लागला.

ह्यांचं काम पाणी तपासायचं. सकाळी सायकलवर निघून गावातल्या नळांचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं, की क्लोरीन तिथवर टिकून पोचलं असं समजायचं.

त्या उन्हाळ्यात गावाला पाणी पुरवणारा तलाव खूपच खाली गेला. तळाशी शेवाळ आणि कुजलेला पाला. असं पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून ते जास्त घालावं लागे, आणि मग नळ सोडला की दवाखान्यात शिरल्यासारखा वास येई. वरणाला वास, भाताला वास. लोक घरी येऊन ह्यांना सांगू लागले, "साहेब, चहा बी पिववत नाई. औषध कमी करा ना."

"कमी केलं तर पटकी येईल," हे म्हणत.

पण जेवताना मला म्हणाले, "हा वास नुसत्या औषधाचा नाही. पाल्याशी मिळून ते आणखी काहीतरी तयार करून राहिलं. काय, ते आपल्याला मोजता येत नाही. आधी पाणी गाळून घेतलं आणि मग क्लोरीन टाकलं, तर थोडक्यात भागेल." ऑफिसातल्या त्यांच्या वरच्या साहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं. पावसाळ्यानंतर पाहू, असं उत्तर मिळालं.

त्याच सुमारास माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला नांदगाव खंडेश्वरहून आली. हसरी, बडबडी पोर. पण त्या पाण्याचा पेला नुसता जवळ आणला तरी तिला उलटी होई. उकळून दिलं, माठात वाळा टाकून दिलं. "वयनी, मले पानी दाखवूच नको," म्हणे. ओठ फुटले, डोळे आत गेले.

शेजारी एका शेतकऱ्याचं मोठं घर होतं, मागे परड्यात विहीर. त्या घरची बाई एके दिवशी दारात येऊन सासूबाईंना म्हणाली, "पोटुशी पोरगी सुकून राहिली, अन् तू पाहून राहिली? माह्या विहिरीचं पानी गोड हाये. घेऊन जाय."

सासूबाई घुटमळल्या. "मी दोर सोडू विहिरीत?"

"तू नाई त कोन? चाल."

भरली घागर घेऊन त्या आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. नणंदेनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, आणि हसली. हे म्हणाले, "माय, उकळून देत जा." चार दिवस उकळलं. पण उकळल्यावर गोडी जाते म्हणून ती पुन्हा पिईना, तेव्हा उकळणं सोडलं. ह्यांनी परत विषय काढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरगी पेऊन राहिली, तिले टोकू नको."

महिना-दीड महिना बरा गेला. मग तिचे डोळे पिवळे झाले. शेजारच्या बाईच्या मुलालाही कावीळ झाली, तो पंधरवड्यात उठला. नणंद उठली नाही. डॉक्टर म्हणाले, पोटुशी बाईला ही कावीळ झेपत नाही. दवाखान्यात दोन दिवस ती बेशुद्ध होती. गेली. पोटातलं बाळही गेलं.

परड्याच्या भिंतीपलीकडे उघडं गटार होतं, त्याची झिरप विहिरीला लागली होती. ह्यांनी ते नंतर पाहिलं.

ती बाई तिसऱ्या दिवशी आली. उंबऱ्याबाहेरच बसली. "मीच म्हनलं वं तुले, मीच म्हनलं."

सासूबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं. "असं नको म्हनू बाई. तू त पानी देल्लं. मले आजवर कोनं देल्लं व्हतं?" दोघी बराच वेळ रडत होत्या. मी चूल पेटवली नाही.

हे पुन्हा साहेबांकडे गेले. म्हणाले, "वासानं लोक नळ सोडतात. माझ्याच घरात सोडला, बहीण गेली." पावसाळा सरल्यावर पाणी साठवायच्या टाकीचा तळ उपसला गेला, आणि गाळलेल्या पाण्यातच क्लोरीन टाकायचं ठरलं. शेजारच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या, त्या घरानंही नळ घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात नळाला वास जवळजवळ नव्हता. तेव्हा मला दिवस गेले होते. माझ्यासाठी पाणी सासूबाईच भरून आणत. पेला आधी नाकाशी धरत, स्वतः घोटभर पीत, थोडं थांबत, आणि मग माझ्या हातात देत.