बापानं घेतलेली नावं

विसरवाडीच्या फाट्यावर सुरतच्या गाडीत मला बसवून द्यायला बाप आला, तेव्हा आदल्या दिवशीच्या खेळाचं काजळ त्याच्या डोळ्यांत तसंच होतं. आमच्या कोरीट गावच्या गाण्यांच्या नाटकात तो राजकन्येच्या आईचं सोंग घ्यायचा, माझ्या मेलेल्या आईचं लुगडं नेसून. कंडक्टर हसला. माझा नवा नवरा दुसरीकडे बघू लागला. बापाला त्याचं काही नव्हतं. खिडकीशी येऊन म्हणाला, "आखाजीले आते तुन्हं नाव बी लिसू. जठे ऱ्हाशी तठे ओ दे, बाई."

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा आमचं नाटक व्हायचं. राजकन्या सासरी निघते, आई निरोपाचं गाणं म्हणते. गाणं संपलं की ढोलकी थांबायची आणि आईचं सोंग गाव सोडून गेलेल्यांना नाव घेऊन हाका मारायचं. जी आली असेल तिनं गर्दीतून ओ द्यायची. ओ आली नाही तर बाप जरा थांबायचा, मग पुढचं नाव. बाकी नाटक म्हणजे नुसता पोरखेळ, राजाची मिशी हटकून गळायची. पण नावं सुरू झाली की कुणी हसत नसे. मी सुरतेहून दरसाल जायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं ओ द्यायचे.

मग नंदुरबारच्या पोरांनी या नाटकाचा सिनेमा केला, मोबाईलवर बघायचा. आईचं काम बापालाच दिलं, पण आवाज फाटका म्हणून गाणं स्टुडिओतल्या एका बाईकडून गाऊन घेतलं. "तोंड मन्हं, गया दुसराना," गळा दुसऱ्याचा, असं बाप फोनवर म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. सिनेमा यायच्या आधीच तो गेला. त्याचा आवाज कुणाकडेच नाही. दरसाल समोर उभा राहून गाणाऱ्याचं रेकॉर्डिंग कोण कशाला करेल?

सिनेमा देखणा आहे, खोटं कशाला बोलू. घोडा खरा, मिशी गळत नाही. पण गाणं संपलं की व्हायोलिनं वाजतात आणि लगेच लढाई. नावं नाहीत. मी चिडून तो परत लावलाच नव्हता.

यंदा त्याच नाटकाचा नवा सिनेमा निघाला. आईच्या कामाला गोरीपान नटी. गावात नाटक आता उभंच राहत नाही, आखाजीला चौकात पडदा बांधून हाच दाखवला. बाप गेल्यापासून मी जात नाही. मैत्रीण लता गेली होती. "गानं सरनं आनि आम्ही बशीच ऱ्हायनूत," तिनं फोनवर सांगितलं. "कोनी नावच लिधं नही."

ते ऐकून दुसऱ्या दिवशी मी सुरतेतल्या उधन्याच्या माझ्या कारखान्यात लेसचं मशीन थांबवलं आणि मोबाईलवर बापाचा सिनेमा काढला. स्टुडिओतल्या त्या बाईचा गळा नको म्हणून आवाज बंद केला. गाणं संपलं असेल, पण बापाचे ओठ थांबले नाहीत. तो गर्दीकडे बघून काहीतरी म्हणायचा, जरा थांबायचा, पुन्हा म्हणायचा. शूटिंगमध्येही तो नावं घेत होता, आणि त्या शहाण्यांनी वर व्हायोलिनं टाकली होती.

लता, काशी, रतन, तुम्ही गावात असा की गावाबाहेर, एकदा आवाज बंद करून बघा. तुमची नावं आहेत त्यात.

शेवटी त्याचे ओठ दोनदा मिटले. पमी. माझंच नाव. मग तो थांबला, मान किंचित पुढे काढून, ऐकत.

मी ओ दिली. "शुं थयुं?" शेजारच्या मशीनवरची हिना दचकली.

माझं माहेर आता तेवढंच आहे, तो थांबतो तेवढं. रोज लावते, रोज ओ देते, आणि माझी ओ तोंडात असतानाच लढाई सुरू होते.